मौन आणि साक्ष : दुहेरी अल्पत्वाच्या दुःखाचा नैतिक प्रश्न

१

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथे सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि धर्म-जातींच्या सीमा ओलांडून माणसे गोळा होतात. ज्याचे मन ठिकाणावर नाही अशा आपल्या माणसाला घेऊन आलेली कुटुंबे यात्रेत दिसतात, तशी एरवीही दिसतात. त्यांच्या दृष्टीने त्या माणसाला 'बाधा' झालेली असते. तोच माणूस शासकीय रुग्णालयाच्या पायरीशी आला तर तेथे त्याच्या अवस्थेला 'मनोविकार' हे नाव मिळते. आणि एखाद्या सामाजिक चळवळीच्या बैठकीत त्याच दुःखाचे वर्णन 'अन्यायाचा परिणाम' असे होते. दुःख एकच, नावे तीन.

ही तीन नावे म्हणजे एकाच वस्तूचे पर्यायशब्द नव्हेत. प्रत्येक नावाबरोबर कारणाची एक कल्पना, जबाबदारीची एक वाटणी आणि उपायाची एक दिशा येते. बाधेचे कारण माणसाबाहेर असते आणि उपाय उतरवण्याचा असतो. विकाराचे कारण माणसाच्या आत शोधले जाते आणि उपाय औषधाचा किंवा समुपदेशनाचा असतो. अन्यायाचे कारण समाजात असते आणि उपाय संघर्षाचा असतो. म्हणून दुःखाला नाव देणे ही केवळ वर्णनाची क्रिया उरत नाही, ती एक नैतिक कृती ठरते. हे नाव कोणी द्यावे, आणि ज्याचे दुःख आहे त्याने त्या नावासाठी कोणती किंमत मोजावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सर्वांनाच लागू पडत असला तरी एका विशिष्ट अवस्थेत तो अत्यंत तीव्र होतो. जन्माने कोरकू, निहाल, पारधी, बंजारा, मुस्लिम किंवा बौद्ध असलेला, आणि त्याच वेळी प्रेमाच्या किंवा लिंगभावाच्या दृष्टीने आपल्याच समाजात अल्पसंख्य असलेला तरुण किंवा तरुणी, ही ती अवस्था. असे तरुण सैलानीला नेले जातात किंवा नाही हा येथील मुद्दा नाही. सैलानी येथे एका वृत्तीचे उदाहरण म्हणून येते : आपल्या माणसाच्या अंगी जे अनाकलनीय आहे ते त्याचे नव्हेच, ते बाहेरून आलेले आहे, असे मानण्याची वृत्ती. जेव्हा ते अनाकलनीय म्हणजे त्या माणसाचे प्रेमच असते तेव्हा या वृत्तीचे काय होते, हे पाहणे आवश्यक आहे.

२

वैद्यकशास्त्राने या बाबतीत आपले मत बदलले, ही गोष्ट सुपरिचित आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी आकर्षणाला विकारांच्या सूचीतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. तिने समलैंगिकता वगळली, परंतु स्वतःचा लैंगिक कल स्वतःलाच नकोसा वाटणे ही एक विकारकोटी शिल्लक ठेवली. २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत तीही उरली नाही. हा शेवटचा बदल तात्त्विक दृष्टीने पहिल्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. ज्याला स्वतःचा तिरस्कार करायला शिकवले गेले, त्याच्या तिरस्काराला त्याचाच विकार म्हणणे म्हणजे जखमेला जखमी माणसाचा स्वभाव म्हणणे होय, ही जाणीव त्या बदलामागे आहे.

भारतीय कायद्यानेही हेच अंतर तोडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, एखाद्याच्या समाजात प्रचलित असलेल्या नैतिक, सामाजिक वा सांस्कृतिक मूल्यांशी त्याचे न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करण्यासही मनाई केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कल 'बदलण्याच्या' तथाकथित उपचारांना मनाई केली आणि पुढल्या वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे शासनाच्या आणि शास्त्राच्या कागदावर तरी 'विकार' हे नाव मागे घेतले गेले आहे.

त्याच्या जागी जी उपपत्ती आली ती 'अल्पसंख्याकत्वाचा ताण' या नावाने ओळखली जाते. इलान मायर यांनी ती १९९५ मध्ये मांडली आणि २००३ मध्ये विस्ताराने सिद्ध केली. तिचा आशय थोडक्यात असा : अल्पसंख्य माणसाच्या मनावरचा भार केवळ प्रत्यक्ष अपमानाचा नसतो. नकार मिळणारच ही सततची अपेक्षा, स्वतःला लपवण्याचे रोजचे श्रम, आणि जगाचा तिरस्कार स्वतःच्या आत मुरणे, या तीन अदृश्य गोष्टी तो भार वाढवतात. आणि तो हलका करणारी सर्वांत महत्त्वाची शक्ती म्हणजे आपल्यासारख्यांचा समुदाय.

नेमक्या या शेवटच्या वाक्यापाशी बुलढाण्यातील तरुणाचा प्रश्न उपपत्तीच्या हाताबाहेर जाऊ लागतो. जातीच्या अपमानाशी किंवा धर्मावरून येणाऱ्या संशयाशी सामना करायला बौद्ध किंवा मुस्लिम मुलाला त्याची आई शिकवू शकते, कारण तिने तो स्वतः सोसलेला असतो. कोणत्या शब्दाकडे दुर्लक्ष करायचे, कोठे उलट बोलायचे, कोणत्या महापुरुषाचे नाव घेऊन मान ताठ ठेवायची, हे सारे घरात पिढ्यान्पिढ्या साठलेले ज्ञान असते. जखम वारशाने आली तर तिच्यावरचे औषधही वारशाने आलेले असते. परंतु प्रेमाच्या किंवा लिंगभावाच्या अल्पत्वाला असा वारसा नसतो. ते बहुधा अशा घरात उगवते जेथे ते कोणी आधी भोगलेले नसते. परिणामी एका अपमानापासून ज्या छपराने रक्षण केले, त्याच छपराखाली दुसरा अपमान सुरू होतो. शहरातील बहुसंख्य समाजाच्या समलिंगी तरुणाला घर सोडून समुदाय शोधता येतो. या तरुणाला घर सोडणे म्हणजे त्याचे एकमेव कवच उतरवून ठेवणे असते. ज्या नव्या समुदायात तो जाईल तेथे त्याचे आडनाव विचारले जाणार नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

अशा वेळी त्याच्या मनावरचा ताण हा दोन ताणांची बेरीज नसतो. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली कृष्णवर्णी स्त्रियांच्या संदर्भात दाखवून दिले होते की दोन अन्याय जेथे छेदतात तेथे तिसरीच परिस्थिती निर्माण होते आणि ती दोहोंपैकी कोणत्याच कायद्याला दिसत नाही. येथे ती तिसरी परिस्थिती अशी सांगता येईल : एका आपलेपणाची किंमत म्हणून दुसरे आपलेपण मागितले जाणे.

३

ही मागणी बहुतेक वेळा क्रौर्याच्या स्वरूपात येत नाही, निष्ठेच्या स्वरूपात येते. 'आपल्या लोकांना आधीच कमी नावे ठेवतात का? त्यात तू आणखी भर घालू नकोस.' असे बोलणाऱ्या वडिलांना केवळ प्रतिगामी ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांच्या म्हणण्यामागे इतिहास आहे.

तो इतिहास एका कायद्याच्या शीर्षकात पाहता येतो. १८७१ साली ब्रिटिश शासनाने जो कायदा केला त्याच्या नावातच 'गुन्हेगार जमाती' आणि 'हिजडे' हे दोन वर्ग नोंदणीसाठी शेजारी बसवलेले होते. उत्तर हिंदुस्थानच्या काही प्रांतांपुरता आरंभी लागू असलेला हा कायदा पुढे बदलत आणि पसरत गेला. हिजड्यांसंबंधीचा भाग १९११ च्या नव्या कायद्यात राहिला नाही, तर जमातींवरचा शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. शिक्का पुसला तरी पारध्यांकडे पाहण्याची पोलिसांची आणि गावाची नजर बदलली नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. दुहेरी अल्पत्व ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आयात झालेली कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे शीर्षक पुन्हा वाचावे. दोन संशयितांना एका ओळीत उभे करण्याचे काम सत्तेने दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. आणि म्हणूनच ज्या समाजाच्या चारित्र्यावर इतका काळ शिक्का होता, तो समाज आपल्या प्रतिष्ठेला जिवापाड जपतो. वेढ्यातल्या वस्तीत दार उघडे ठेवता येत नाही.

तरीही प्रश्न उरतोच : वेढ्यात सापडलेल्या समाजाला आपल्या सर्वांत दुबळ्या सदस्याकडे मौनाची मागणी करण्याचा नैतिक अधिकार आहे काय?

असा अधिकार आहे असे मानणारा युक्तिवाद साधारण असा असतो : समाज टिकला तरच व्यक्ती टिकेल, म्हणून संकटकाळात व्यक्तीने काही सोडले पाहिजे. संकटकाळी त्याग मागणे तत्त्वतः अयोग्य नाही. परंतु त्याग न्याय्य ठरण्यास दोन अटी पाळल्या जाव्या लागतात. एक, तो सर्वांकडून, आपापल्या शक्तीनुसार, मागितला जावा. दोन, त्याला शेवट असावा. या मौनाच्या बाबतीत दोन्ही अटी मोडतात. भिन्नलिंगी प्रेम करणाऱ्या भावाला समाजाच्या प्रतिष्ठेसाठी काहीही सोडावे लागत नाही. उलट त्याचे लग्न हा समाजाचा उत्सव असतो. आणि हे मौन अमुक दिवशी संपेल असे कोणी सांगत नाही. वेढा उठेपर्यंत थांब, असे म्हणणाऱ्यांना वेढा कधी उठणार हे ठाऊक नसते. ज्या तरुणाचे आयुष्य आज चालू आहे त्याला अनिश्चित काळापर्यंत न जगण्याचा सल्ला दिला जातो. मनाच्या आरोग्याचा प्रश्न येथे वैद्यकीय राहत नाही, तो न्यायाचा होतो.

याहून मूलगामी विसंगती पुढेच आहे. अल्पसंख्य समाज जगाकडे जी मागणी करतो ती अशी की आमच्या वेगळेपणाला आमचा दोष मानू नका. हेच वाक्य त्याचा मुलगा त्याच्याकडे उच्चारतो. बाहेर मागितलेला न्याय आत नाकारला, तर बाहेरच्या मागणीचा पायाच ढासळतो. ती मागणी मग न्यायाची राहत नाही, केवळ बळाच्या वाटणीची होते.

४

साहित्याने या प्रश्नाला एकदा उत्तर दिलेले आहे, हे मराठी समीक्षेने विसरू नये. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा शिकलेल्या दलितांपैकी अनेकांनी हाच आक्षेप घेतला होता : घरातली घाण चव्हाट्यावर कशाला? बेबी कांबळे यांना 'जिणं आमुचं' लिहून झाल्यावर वर्षानुवर्षे घरात दडवून ठेवावे लागले. त्या पुस्तकाने सवर्णांच्या अत्याचाराबरोबर आपल्याच वस्तीतील सुनांच्या छळाचेही वर्णन केले होते. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे का बोलतात याची मीमांसा केली, तीही याच अनुभवाच्या आधारावर. या सगळ्या लेखनाने दलित समाज दुबळा झाला काय? घडले उलटेच. 'आम्ही' या सर्वनामाची व्याप्ती वाढली. जो समाज आपल्या स्त्रियांचे दुःख ऐकू शकला, त्याची न्यायाची मागणी अधिक सखोल झाली.

परंतु हे उत्तर आजच्या प्रश्नाला जसेच्या तसे लावता येत नाही. आत्मकथनातील 'मी' हा प्रायः 'आम्ही'चा प्रतिनिधी असतो, आणि तेच त्याचे सामर्थ्य असते. त्याची भूक वस्तीची भूक असते. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मधील शेतकरी घराची हताशा याच बुलढाण्याच्या मातीतली आहे. २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्या कादंबरीत अवघा कोरडवाहू मुलूख स्वतःला ओळखू शकला. याच मातीतल्या दुसऱ्या एका हताशेला मात्र असा ओळखणारा 'आम्ही' सापडत नाही. जे तरुण ती भोगतात ते गावोगाव एकेकटे असतात आणि एकमेकांना ठाऊक नसतात. त्यांच्या अनुभवासाठी गावाच्या बोलीत शब्द आहेत, पण ते बहुतांशी शिव्या आहेत. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ज्याला अर्थग्रहणातील अन्याय म्हटले तो हाच : स्वतःचा अनुभव स्वतःलाच समजावा यासाठी लागणारा शब्द भाषेत नसणे.

मराठीत तर 'मी' म्हणतानाच अडचण सुरू होते. 'मी जातो' की 'मी जाते', हे ठरवल्याशिवाय मराठी माणसाला स्वतःविषयी साधे वाक्य बोलता येत नाही. ज्याचा देह एक सांगतो आणि मन दुसरे, त्याला प्रत्येक क्रियापदाशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, कोरकू बोलली जाते. मुंडा कुळातील या भाषेत नामांचा मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. बोलणाऱ्याने आपले पुरुषत्व वा स्त्रीत्व क्रियापदातून जाहीर करावे अशी तिची अट नाही. जळगाव जामोदच्याच परिसरात निहाली आहे. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध न झालेली ही भाषा दोन-अडीच हजारांच्या आसपास माणसे बोलतात. या वस्त्यांतील एखादे मूल शाळेत येते तेव्हा ते प्रमाण मराठीबरोबर हे 'जातो–जाते'ही शिकते. यावरून कोरकू समाज लिंगभावापासून मुक्त आहे असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. व्याकरणात जे नाही ते नात्यागोत्यांत आणि लग्नव्यवहारात पुरेपूर असू शकते. तथापि एवढे दिसते की स्वतःची ओळख सांगण्याची सक्ती ही निसर्गाची नव्हे, एका भाषेची आहे. आणि अल्पसंख्याच्या वाट्याला ती परक्या भाषेतून येते.

या तरुणाविषयी मराठी साहित्यात जे आले, ते बहुधा दुसऱ्या घरातून आले. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाने स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम मराठी मध्यमवर्गासमोर ठेवले. त्या नाटकाची रचना येथे महत्त्वाची आहे. मित्राची गोष्ट बापू सांगतो. तिचे दुःख प्रेक्षकांपर्यंत येते ते एका सहृदय पण भयभीत मित्राच्या साक्षीतून. आणि ती नाहीशी झाल्यावरही साक्ष देणारा उरतोच. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'ने २००६ मध्ये तनयला स्वतःचे निवेदन दिले, ही मोठीच पुढची पायरी होती. पण ते घरही शहरी मध्यमवर्गाचेच. दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप' या संग्रहातील कवितेपाशी पोचल्यावर प्रथमच लिंगभावाचे अल्पत्व मध्यमवर्गीय घराच्या बाहेरून बोलू लागते. एक कवयित्री म्हणजे परंपरा नव्हे. पण परंपरेचा आरंभ नेहमी एकीनेच होतो.

५

मौनाच्या मागणीइतकीच धोकादायक असलेली दुसरी मागणी बाहेरून येते. ती साक्षीची मागणी आहे. 'तुझा समाज तुला कसा छळतो ते सांग', असे बहुसंख्य समाज मोठ्या आस्थेने विचारतो. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ मध्ये सतीच्या संदर्भात दाखवले की सत्ताधारी हा नेहमी दुबळ्यांतील दुबळ्याचा त्राता म्हणून अवतरतो आणि त्या त्राणाच्या गोंगाटात तिचा आवाज लोपतो. मुस्लिम तरुणाने आपल्या घरातील कोंडमारा सांगितला तर तो त्याच्या धर्माविरुद्धचा पुरावा होतो. पारधी मुलीने सांगितला तर तिच्या जमातीच्या 'मागासलेपणा'चा. हमीद दलवाई यांच्या आत्मटीकेचा त्यांना अभिप्रेत नसलेल्या लोकांनी किती सोयीस्कर वापर केला, हे मराठी वैचारिक जगाने पाहिले आहे. ज्या घरांत सवर्ण आई-वडीलही आपल्या मुलाला हाच नकार देतात त्या घरांचा नकार 'कौटुंबिक प्रश्न' ठरतो, आणि अल्पसंख्याच्या घरातला नकार 'संस्कृती' ठरतो. साक्ष मागणाऱ्याने हा भेद आधी स्वतःच्या घरी तपासायला हवा.

त्यामुळे तो तरुण दोन मागण्यांच्या मध्ये उभा असतो. आपले म्हणतात, बोलू नकोस. परके म्हणतात, आमच्यासाठी बोल. दोघांनाही त्याच्या दुःखाचा उपयोग असतो. एकाला ते लपवून प्रतिष्ठा हवी असते, दुसऱ्याला ते दाखवून श्रेष्ठत्व. मनाचे आरोग्य म्हणजे काय याची व्याख्या या तरुणाच्या जागेवरून करायची झाली तर ती अशी करावी लागेल : आपल्या दुःखाचा कोणालाही उपयोग होऊ न देता ते उच्चारता येण्याची शक्यता. समुपदेशकापासून समीक्षकापर्यंत प्रत्येक ऐकणाऱ्याची कसोटी याच ठिकाणी लागते. समीक्षकही या दोषापासून मुक्त नाही. 'परिघावरचा आवाज' म्हणून एखाद्या कवितेचे कौतुक करताना तो आवाज आपल्या सिद्धान्ताचा साक्षीदार म्हणून उभा केला जात नाही ना, हे त्याने पाहावे.

६

शेवटी पुन्हा सैलानीकडे वळणे प्राप्त आहे. श्रद्धास्थानांच्या आश्रयाने मनोरुग्णांना साखळीने बांधण्याची प्रथा देशात होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आगीत बांधलेली माणसे जळून मेली. २०१७ च्या कायद्याने साखळदंड निषिद्ध केले आहेत, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला इजा करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे. या बाबतीत कोणतीही संदिग्धता असू नये.

परंतु बाधेच्या कल्पनेत एक गोष्ट अशी आहे की जी उरलेल्या दोन नावांत सहजासहजी सापडत नाही. आपल्या माणसाला घेऊन आलेले कुटुंब त्याला टाकून देत नाही. दोष त्याच्यात नाही असे मानल्यामुळे तो आपला राहतो. त्याच्यासाठी मजुरी बुडवून, उसनवारी करून मैलोगणती प्रवास केला जातो. रुग्णालय उपचार देते, चळवळ शब्द देते. पण रात्री शेजारी बसून राहणे घराच्या माणसांकडूनच घडते. या सोबतीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्या विवेकाने तिच्या जागी काय ठेवले, हा प्रश्न त्या विवेकालाच विचारला पाहिजे.

या सोबतीची मर्यादाही तिथेच आहे. ती 'जे बाहेरचे आहे ते निघून जाईल' या अटीवर दिलेली असते. ज्याच्या बाबतीत ते बाहेरचे नाहीच, ज्याचे प्रेम हाच तो स्वतः आहे, त्याला या सोबतीतून बरे व्हायचे तर स्वतःलाच उतरवून टाकावे लागेल. म्हणून प्रश्न सोबत की स्वातंत्र्य असा मांडला गेला, की तो चुकीचा मांडला गेला असे समजावे. कोरकू वा पारधी, मुस्लिम वा बौद्ध घराकडे जी मागणी करायची ती घर मोडण्याची नसून, घराजवळ आधीच असलेली ही सोबत त्या एका अटीतून मोकळी करण्याची आहे. बहुसंख्य समाजाकडे करायची मागणी वेगळी : या घरांभोवतीचा वेढा उठवण्याची, म्हणजे दार उघडणे त्यांना परवडेल. पहिली मागणी दुसरीची वाट पाहत थांबू शकत नाही, कारण तो तरुण थांबू शकत नाही. आणि दुसरी मागणी न करता जो केवळ पहिली करतो, त्याला त्या तरुणाविषयी बोलण्याचा अधिकार पोचत नाही.